बहाळीच्या पोटातलं पाणी

नाशिक
११ डिसेंबर २०२४

प्रिय सवे,

तुझ्याकडून निघाले ती थर्मास मांडीवर घेऊन थेट सातपूरला लॅबमध्येच उतरले. पेठच्या घाटात बस वळली की मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय, चहा आहे का?" मी हो म्हटलं. गाईच्या पोटातलं पाणी आहे म्हणाले असते तर उठूनच गेल्या असत्या.

आता ऐक. गाय पेंढा स्वतः पचवतच नाही. तिच्या पहिल्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, ते एक रस सोडतात आणि त्या रसानं पेंढ्याचा चिवट तंतू तुटतो. आपल्या दहावीच्या पुस्तकात 'विकर' म्हणून होतं ना, तेच. इथे सगळे एन्झाइम म्हणतात. असा जोरकस रस बाहेर तयार करता आला तर वाळका भाताचा पेंढासुद्धा गुरांना अंगी लागेल. आमच्या संस्थेत दोन वर्षं हेच चाललंय.

आम्ही काचेच्या नळीत ते पाणी घेतो आणि गाळणकागदाची एक पट्टी सोडतो. कागद म्हणजे तंतूच. शहरातल्या कत्तलखान्यातून म्हशीबकऱ्यांच्या पोटातलं पाणी आणून बघितलं, तर पट्टी तुटायला नऊ-दहा दिवस लागायचे. तुझ्या बहाळीच्या पाण्यात चौथ्या दिवशी सकाळी पट्टी मधोमध तुटून तळाशी बसली होती! मी एकटीच होते, मोठ्यानं हसले.

मला अजून एक थर्मास हवा आहे. हे जिवाणू एकेकटे वेगळे काढले की मरतात, त्यांना हवा चालत नाही. त्यामुळे थर्मास काठोकाठ भरायचा, वर जागा सोडायची नाही. ज्या डॉक्टरांनी त्या दिवशी नळी घातली ते आता येऊ शकत नाहीत. तुला काही जमेल का बघ.

आणि हे एवढ्यात कुणाला सांगू नकोस. तुझं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा निर्धास्त राहा. तुझ्या सासूबाईंना, सिंधुबाईंना नमस्कार.

तुझी
मीना


जांभूळटेक पाडा, ता. सुरगाणा
१९ डिसेंबर २०२४

प्रिय मीने,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. टेकडीवर जाऊन फोन लावला असता तर उत्तर लवकर पोचलं असतं, पण तिथं रेंज शोधत बोललेलं सगळा पाडा ऐकतो. आणि तूच म्हणालीस, कुणाला सांगू नको.

थर्मास एसटीच्या भिकन ड्रायव्हरकडे दिला आहे. नळीबिळी काही लागली नाही. बहाळी दुपारी बसून रवंथ करत होती, सासूबाईंनी तिच्या तोंडात हात घालून घास काढला. असे पंधरा-वीस घास काढले, वर कोमट पाणी घातलं, तू सांगितलं तसं काठोकाठ भरलं. गाय हललीसुद्धा नाही. तिला सवय आहे. इथं कुणाच्या जनावराचं पोट बसलं, रवंथ थांबली, की चांगल्या जनावराच्या तोंडातला घास काढून आजाऱ्याला भरवतात. बहाळी सतरा वर्षांची आहे. पाड्यातली निम्मी गुरं कधी ना कधी तिच्या घासावर उभी राहिली आहेत.

आता माझं एक. नाव लिहिलं नाही, निर्धास्त राहा, म्हणजे काय? आपण चोरी केली का? मी तुला माझ्या गोठ्यात नेलं, माझ्या हातानं गाय धरली. मग नाव लिहायला काय हरकत होती? सासूबाई तर तू गेल्यापासून म्हणतात, "पोटातलं नेलं, पण कशाला नेलं ते नाय सांगितलं." मी म्हटलं सांगितलंय. "मंग परत सांग," म्हणाल्या. मला नीट सांगता आलं नाही.

लखन दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर आहे. मी आणि सासूबाई दोघीच आहोत. नीट लिही.

सविता


नाशिक
८ जानेवारी २०२५

प्रिय सवे,

उशीर झाला, रागावू नकोस. तुझा थर्मास पोचला तेव्हा अजून गरम होता. त्यातलं पाणी पहिल्यापेक्षाही चांगलं निघालं. सिंधुबाईंना सांग, जे आम्ही यंत्रं लावून करतो ते त्या हातानं करतात.

नावाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. इथे कागद फार असतात, एकेक गोष्ट कुठे लिहायची, कधी लिहायची याची पद्धत असते. वेळ आली की सगळं रीतसर होईल.

खरं सांगू, मला इथे हल्ली चैन नाही. परवा सकाळी आले तर गरम पेटीतल्या माझ्या नळ्यांचा क्रम बदललेला. मी नेहमी चिठ्ठी पुढे करून ठेवते, दोन चिठ्ठ्या मागे वळलेल्या होत्या. कुणीतरी नळ्या काढून बघितल्या. आमचे रविराज सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, दोनदा येऊन विचारून गेले, "मीना, हा नमुना नक्की कुठल्या दिवशीचा?" एरवी हे गृहस्थ महिन्यात एकदा आत डोकावतात. जनावरांकडे बघणारा योगेश माझ्याशी बोलता बोलता थांबतो. मला वाटतं, हे माझ्या हातातून काढून घ्यायचा कुणाचा तरी विचार आहे. माझा करार मार्चअखेर संपतो. तोवर टिकलं पाहिजे.

तुझ्याकडे कुणी चौकशीला आलं तर काही बोलू नकोस. मला कळव.

तुझी
मीना


जांभूळटेक पाडा
२ फेब्रुवारी २०२५

मीने,

शुक्रवारी दुपारी पांढरी जीप आली. दोन माणसं. एकानं नाव सांगितलं योगेश, दुसरा गाडी चालवणारा. म्हणाले, संस्थेतून आलोय, गाईचा नमुना घ्यायचाय. मी नदीवर होते. घरी सासूबाई एकट्या. मी येईपर्यंत त्यांनी बहाळीला खांबाला आवळून बांधलं होतं आणि तोंडातून नळी घालत होते. सोबत डॉक्टर नव्हता. मी ओरडले, "थांबा, ती गाभण नाही पण म्हातारी आहे, असं नका ओढू." योगेश म्हणाला, "ताई, दोन मिनिटं." दोन मिनिटं नव्हती ती. नळी दोनदा काढून पुन्हा घातली. बहाळीचे डोळे पांढरे झाले. मग खोकला सुरू झाला तो थांबेचना. नाकातून हिरवं पाणी आलं.

जाताना त्यांनी एक कागद पुढे केला. मी म्हटलं, मी वाचल्याशिवाय सही करणार नाही. तर माझ्या आधीच त्यांनी सासूबाईंचा अंगठा घेतलेला होता!

आज तिसरा दिवस. बहाळीनं पेंढ्याला तोंड लावलं नाही. रवंथ बंद आहे. सासूबाईंनी तिच्याच कालवडीच्या तोंडातला घास काढून तिला भरवून बघितला, तोही गिळत नाही.

मी तुला सरळ विचारते. ही माणसं तू पाठवलीस का?

सविता


नाशिक
६ फेब्रुवारी २०२५

सवे,

तुझं पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या लिहितेय. भिकनच्या हाती देते आहे, सोबत औषधाची पिशवी आहे. नळी श्वासाच्या वाटेत गेली असणार किंवा काढताना पोटातलं पाणी फुप्फुसात उतरलं असणार. अंगात ताप आहे का बघ. श्वास फरफर वाजतो का, नाकाला वास येतो का बघ. सरकारी डॉक्टरांना आजच्या आज बोलाव. पिशवीतलं औषध त्यांना दाखवल्याशिवाय देऊ नकोस. घास भरवू नकोस, पाणी ओतू नकोस, जे घशात जाईल ते पुन्हा फुप्फुसात उतरेल.

मी कुणालाही पाठवलं नाही. शपथ घेऊन सांगते. मी रविराज सरांकडे गेले तर ते म्हणाले, "हा माझा विषय आहे, तू तुझ्या नळ्या बघ." म्हणजे त्यांना माझ्याशिवाय हे पुरं करायचंय. मी म्हणत होते ते आता पटलं ना?

एक विचारू? राग मानू नकोस. तू बोलताना कुठे सुरगाण्याच्या बाजारात, भिकनकडे, कुणाकडे हा विषय काढला नाहीस ना? लखनने दिंडोरीत कुणाला सांगितलं नसेल? कारण त्यांना तुझा गोठा कसा सापडला हे मला कळत नाही.

गाईचं कळव.

मीना


जांभूळटेक पाडा
२५ फेब्रुवारी २०२५

मीना हिस,

डॉक्टर येऊन गेले. बहाळी बरी आहे.

तुझं काम अडू नये म्हणून थर्मास भरून पाठवते आहे.

मी बाजारात काही बोलले नाही. लखनला मी अजून सांगितलेलंसुद्धा नाही.

सविता


नाशिक
१० मार्च २०२५

प्रिय सवे,

किती बरं वाटलं! रात्र रात्र माझ्या मनात त्या खोकल्याचंच येत होतं. बहाळी ठणठणीत झाली हे मला तुझ्या पत्राआधी त्या पाण्यानंच सांगितलं. खरंच. आजारी जनावराच्या पोटातले जिवाणू आधी मरतात. या खेपेला पट्टी तिसऱ्या दिवशीच तुटली, आजवरची सगळ्यात लवकर. मी तीन वेळा लावून बघितलं. सतरा वर्षांची म्हातारी आणि पोटात असला जोर!

सर अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत. पण हे आकडे हातात असले की कुणी काही करू शकणार नाही. करार वाढला तर पहिल्यांदा तुमच्याकडे येईन आणि बहाळीला गूळ भरवीन.

तुझी
मीना


जांभूळटेक पाडा
१८ मार्च २०२५

मीना,

बहाळी १३ फेब्रुवारीला मेली. डॉक्टर ९ तारखेला आले, म्हणाले फुप्फुस सडलंय, उशीर झाला. चार दिवस ती उभीच होती, बसली की श्वास पुरायचा नाही म्हणून. शेवटी गुडघ्यावर आली. सासूबाई तिच्या मानेखाली हात घालून बसल्या होत्या.

तुला मुद्दाम खोटं लिहिलं. मला बघायचं होतं, तू गाईचं विचारतेस की पाण्याचं. तू गाईचं विचारलंस, हे खरं. पण उत्तर माझ्याकडून घ्यायच्या आधी पाण्याकडून घेतलंस.

तो थर्मास बहाळीचा नव्हता. थोडं तिच्या कालवडीच्या तोंडातलं, थोडं तानुबाईच्या बैलाचं, थोडं खालच्या आळीतल्या दोन गुरांचं. आता तूच हिशेब लाव, ते जिवाणू कुणाचे. माझ्या एकटीच्या गाईचे होते का? सगळी गुरं एका डोंगरावर चरतात, एकमेकांच्या घासावर जगतात. मी एकटीनं तुला हो म्हणायला नको होतं, एवढं मला उशिरा कळलं.

ते कळल्यावर मी सहादूकाकांकडे गेले. ग्रामपंचायतीत जैवविविधतेची समिती आहे, ते तिचं बघतात. डोंगरातली वनस्पती, प्राणी, काहीही कुणी अभ्यासाला, धंद्याला नेलं तर समितीला विचारायचं असतं. काकांनी टेकडीवरून तुमच्या संस्थेत फोन लावला. मी शेजारी उभी होते. पलीकडच्या बाईंनी नोंदवही काढून वाचलं. ५ डिसेंबर २०२४, नमुना क्रमांक एकसष्ट, स्थळ: नाशिक, कत्तलखाना. संकलक: मीना भोये.

काकांनी फोन ठेवला. म्हणाले, "तुझी मैत्रीण आपल्या गाईला मेलेली म्हणून लिहून मोकळी झाली, ती जिवंत असतानाच."

गावाचं नाव लिहायला लाज वाटली का गं? तिथं तुला कुणी पाड्यावरची म्हणून ओळखू नये, असं काही आहे का?

सविता गावित


नाशिक
२७ मार्च २०२५

सवे,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही.

नोंद मी केली. माझ्याच हातची. कारण सांगते, समर्थन म्हणून नाही. गावाचं नाव लिहिलं की समितीचं पत्र लागतं, ते यायला चार-सहा महिने. माझा करार मार्चपर्यंत. मी ठरवलं, आधी पट्टी तुटते का बघू, मग खरं लिहू. पट्टी तुटली आणि मग खरं लिहिणं अवघड होत गेलं.

लाजेचं तू विचारलंस. मी पहिल्यांदा रागानं नाही म्हणणार होते. पण ऐक. इथे जेवायच्या सुट्टीत सगळे आपापल्या गावाचं बोलतात. मी 'नाशिकच' म्हणते. चार वर्षं म्हणतेय. त्यामुळे वहीत नाशिक लिहिताना माझा हात अडला नाही. तुझं अर्धं खरं आहे.

आणि एका गोष्टीत माझा समज चुकीचा होता. सर माझं काम चोरत नव्हते. त्यांनी कत्तलखान्यातून सात वेळा नमुने आणून लावले, एकही पट्टी वेळेत तुटली नाही. त्यांना वाटलं मी आकडे रचते. म्हणून नळ्या काढून बघत होते. मला चोरीचा संशय, त्यांना खोटेपणाचा, आणि दोघांच्या मध्ये मी लिहिलेली ती एक ओळ. तुमच्या पाड्याचा पत्ता त्यांना एसटीच्या पार्सल पावतीवरून लागला असं कळलं.

नोंद दुरुस्त करायचा अर्ज मी काल दिला. त्यात सगळं लिहिलं. आता १ मेच्या ग्रामसभेत मी येते. सरांनाही यायला सांगितलंय. लोक जे विचारतील त्याला उत्तर देईन. तू बोलली नाहीस तरी चालेल.

मीना


जांभूळटेक पाडा
९ मे २०२५

मीना,

तू चारच्या गाडीनं गेलीस. नंतर काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

तू उभी राहून सगळं सांगितलंस तेव्हा लोक गप्प होते, ते तुला वाईट वाटलं असेल. इथं माणूस उभा राहून स्वतःची चूक सांगतो तेव्हा मध्ये बोलत नाहीत, एवढंच. तू गेल्यावर सासूबाई उठल्या. तुमच्या सरांपुढे जाऊन म्हणाल्या, "माझा अंगठा कशावर घेतला ते वाचून दाखव."

सरांनी पिशवीतून कागद काढला. हळू वाचत होते. सहादूकाका म्हणाले, मोठ्यानं. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, "जनावराच्या मालकानं स्वखुशीनं, पूर्ण माहिती घेऊन नमुना दिला."

"मला काय माहिती दिली?" सासूबाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "काही नाही दिली, आजी."

"मंग हे कुणी लिहिलं?"

"आधीच छापलेलं असतं."

सगळी सभा हसली आणि लगेच थांबली. सर चष्मा काढून उभे राहिले. म्हणाले, "मला ती मुलगी खोटी वाटली, ते तपासायची मला घाई होती. जनावरांचा डॉक्टर न देता मी माणसं पाठवली. योगेशला नळी घालायचं शिक्षण नाही, हे मला माहीत होतं. गाय गेली ती माझ्यामुळे." सासूबाईंनी कागद मागितला. सरांनी दिला. त्यांनी तो चोळीत खोचला आणि जागेवर जाऊन बसल्या. अजून त्यांच्याकडेच आहे.

मग तासभर चर्चा झाली. ठरलं ते असं की पुढे काम करायचं असेल तर नोंदीत पाड्याचं नाव लागेल, एका घराचं नाही. प्रत्येक वेळी सरकारी डॉक्टर सोबत हवा. अंगठ्याआधी कागद सभेत वाचायचा. यातून पुढे काही उभं राहिलं तर कायद्यानं जो वाटा असेल तो समितीकडे. सरांनी मान्य केलं. हात वर करायला सांगितलं तेव्हा बहुतेकांनी केले.

मी केला नाही. विरोधातही केला नाही. काकांनी विचारलं, सविता, तुझं काय? मी म्हटलं, मला अजून एक उत्तर यायचं आहे.

सविता


सिन्नर
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सवे,

चार महिने झाले. तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. प्रत्येक वेळी वाटायचं, ती दुसऱ्या कशाबद्दल असेल.

माझा करार वाढला नाही. जूनपासून सिन्नरच्या एका डेअरीत आहे, दुधाचे नमुने तपासते. सकाळी सहाला टँकर येतात. काम बरं आहे. तिकडे नमुना एकसष्टपुढे आता जांभूळटेक पाडा लिहिलेलं आहे, हे मी स्वतः बघून आले. कामाला नवी मुलगी लागली आहे, दिशा नावाची. तिनं फोन करून विचारलं, "मॅडम, हे लोक बोलतात का नीट?" मी म्हटलं, तू नीट बोललीस तर.

सवे, एसटीची पावती नव्हती. पत्ता मी सांगितला.

२२ जानेवारीला सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर सात नळ्या ठेवल्या होत्या, सातही पट्ट्या अख्ख्या. म्हणाले, "नमुना कुठून आणलास ते सांग, नाहीतर खोटे आकडे म्हणून उद्या वर कागद जाईल." मी सांगितलं. तालुका, पाडा, शेवटचं घर, तुझं नाव, गाईचा रंग. काळ्या अंगावर पांढरे शिंतोडे, हेसुद्धा. विचारलं नव्हतं तेही सांगितलं, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल.

एवढ्यावर थांबत नाही. जीप सुरगाण्याला जाणार हे मला तीन दिवस आधी योगेशकडून कळलं होतं. डॉक्टर सोबत नाही हेही. भिकनकडे चार ओळी दिल्या असत्या तर तू गाय डोंगरावर पाठवली असतीस. मी दिल्या नाहीत. मला वाटलं, जाऊ देत. त्यांना तेच पाणी मिळालं की मी खरी ठरेन. तुझ्या गाईपेक्षा मला माझे आकडे खरे ठरणं मोठं वाटलं.

आणि मग तुलाच विचारलं, बाजारात बोलली नाहीस ना.

मी कुणाला पाठवलं नाही ही शपथ शब्दानं खरी होती, म्हणून घेता आली. याला क्षमा मागायची कशी ते मला येत नाही. उत्तर पाठवू नकोस म्हटलं तरी मी वाट बघणारच, म्हणून तसं लिहीत नाही.

मीना


जांभूळटेक पाडा
२ ऑक्टोबर २०२५

मीने,

मला माहीत होतं.

योगेश गोठ्यात नळी धरून उभा होता, मी ओरडत आत शिरले, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "सविताताई तुम्हीच ना? मीना मॅडमनी सांगितली ती शिंतोड्यांची गाय हीच ना?" हे मी २ फेब्रुवारीच्या पत्रात लिहिलं नाही. मुद्दाम गाळलं. म्हटलं, आधी विचारून बघू, ही काय सांगते.

तू शपथ घेतलीस. मग बाजाराचं विचारलंस. मग पावती काढलीस. भिकन गेली बारा वर्षं माझी सामानं नेतो, त्यानं कधी कुणाला पावती दिली आहे का? तेव्हा मी चुलीपुढं बसून हसले, आणि सासूबाई म्हणाल्या, येडी झाली.

लखन म्हणत होता, सोड तिला, कशाला लिहीत बसतेस. मलाही वाटायचं, थांबवावं. पण पत्र थांबवलं असतं तर तू कधीच सांगितलं नसतंस, आणि मी जन्मभर तुला खोटी समजत राहिले असते. आता तू सांगितलंस. म्हणून राग गेला असं नाही. बहाळीची कालवड अजून संध्याकाळी रिकाम्या खुंट्याकडे वळते. ते दिसलं की मला तू आठवतेस, आणि चांगली आठवत नाहीस. पण आठ महिने मी प्रत्येक पत्र उजेडाला धरून वाचत होते, यात आणखी काय लपलंय म्हणून. हे मात्र तसं वाचावं लागलं नाही.

दिशा दोनदा येऊन गेली, डॉक्टर घेऊन. मुलगी घाबरट आहे, पण आधी विचारते मग हात लावते. सासूबाईंनी तिला घास कसा काढायचा ते दाखवलं. तुला नाही दाखवणार म्हणाल्या.

लखन छाटणीला गेलाय दिंडोरीला. वरच्या शेतातली नागली पिवळी पडली आहे, दिवाळीपर्यंत कापून खळ्यात यायला हवी आणि आम्ही दोघीच आहोत. विळा अजून चालवता येत असेल तर शनिवार-रविवार ये. बोलायचं काय ते मला अजून सुचलेलं नाही. एका ओळीतून तू काप, शेजारच्या ओळीतून मी कापते. तेवढं जमेल.

सविता